आधी पाणी, मग प्रेम?

सध्या एक गोष्ट लिहायला घेतलीय. म्हणजे शनिवार-रविवारी जेवढी होईल तेवढी. साल २०६० च्या आसपासचं. पेणच्या खारेपाटात पाणी मोजून मिळतंय. रोह्याहून टँकर घेऊन येणारा एक जण, आणि माती भिजवायलाही पाणी उरलं नाही म्हणून गणपतीचा कारखाना बंद करून बसलेला पेणचा मूर्तिकार दुसरा. दोघे प्रेमात पडतात. दोघेही पुरुष. बस्स, एवढीच कल्पना.

ऑफिसात दोन-चार जणांना सांगितली. सगळ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच. "कोकणात कसला दुष्काळ?" "खेड्यात कुठे असतात रे असले प्रकार?" आणि शेवटी, अगदी समजूतदार चेहऱ्याने, "जिथे प्यायला पाणी नाही तिथे हे असलं कोणाला सुचतंय? आधी पाणी, मग प्रेम."

मंडळी, या तिन्ही वाक्यांशी माझं भांडण आहे. एकेक घेऊ.

कोकणात दुष्काळ कसला? रायगडात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मान्य. पण वाशी, शिर्की, वढाव या पेणच्या खारेपाटातल्या गावांना विचारा. एका बाजूला खाडी, उधाणाला बांध फुटला की खारं पाणी थेट शेतात. जमिनीखालचं पाणीही खारं. त्याच तालुक्यात हेटवणे धरण आहे, आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. सप्टेंबर २००८ मध्ये सेझला जमीन द्यायची का यावर सरकारने पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं. का? तर ही गावं हेटवणेच्या लाभक्षेत्रात येतात म्हणून. कागदावर लाभक्षेत्र, आणि खारेपाटात उन्हाळा आला की टँकरची वाट!

रोह्याची कुंडलिका तर याहून भारी. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरवतात, भिऱ्याला त्यावर वीज करतात आणि मग ते कुंडलिकेत सोडतात. कोलाडला आपण टीम आउटिंगला जाऊन राफ्टिंग करतो ना, ते याच पाण्यावर. वीज बनवायला पाणी सोडलं की नदी वाहते. म्हणजे नदीला चक्क स्विच आहे! हे पाणी डोंगराच्या त्या बाजूलाच राहिलं असतं तर मुळा-मुठेतून भीमेला मिळून सोलापूरकडे गेलं असतं. पाणी कुठे असेल आणि कुठे नसेल हे ढगांइतकंच माणसंही ठरवतात. मग भविष्यातला दुष्काळ कोकणात दाखवायला मला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागत नाही.

दुसरं वाक्य. खेड्यात 'असले प्रकार' नसतात म्हणे. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी सिनेमा काढा आणि बघा. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, आणि गावात शेती करणारा, लग्नासाठी घरच्यांनी मागे लागलेला बाळ्या. सगळं रखरखीत माळरानावर. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार या सिनेमाला मिळाला. शहरात येऊन कोणी 'तसा' होत नाही हो. शहरात फक्त भाड्याची खोली मिळते, आणि शेजारी कमी चौकशा करतात.

आता तिसरं वाक्य, जे सगळ्यात सभ्य आहे आणि म्हणूनच सगळ्यात खोटं आहे. आधी पाणी, मग प्रेम. जणू दुष्काळ पडला की समाज बाकी सगळे विषय बाजूला ठेवतो आणि फक्त हंडे मोजतो!

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात डेंगणमाळ नावाचं गाव आहे. मुंबईला पाणी पाजणारं भातसा धरण याच तालुक्यात. २०१५ च्या सुमारास या गावाच्या बातम्या जगभर छापून आल्या. कारण काय, तर पाणी भरायला माणूस हवं म्हणून तिथल्या काही पुरुषांनी दुसरी, तिसरी बायको केली होती. हिंदू विवाह कायद्याने १९५५ पासून हे बेकायदा आहे. तरी गावाने चालवून घेतलं. थोडक्यात काय, हंड्यासाठी लग्नाचा नियम वाकवता येतो. प्रेमासाठी म्हटलं की मात्र संस्कृती आडवी येते.

किंवा लातूर घ्या, २०१६. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावलं होतं, पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. आणि त्याच वर्षी कलम ३७७ सुद्धा लागू होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याचा दात काढला होता, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो परत बसवला आणि २०१८ मध्ये स्वतःच उपटला. म्हणजे २०१६ च्या लातुरात टाकीपाशी सहा माणसं जमली तर गुन्हा, आणि घरात दोन पुरुष एकत्र आले तरी गुन्हा. सरकारने 'आधी पाणी, मग बाकीचं' असं म्हणून ३७७ ला उन्हाळी सुट्टी दिली नव्हती. मग गोष्टीतल्या प्रेमानेच का सुट्टीवर जायचं?

खरी मेख पुढे आहे. टंचाईत वाटप होतं ते घराला. डेटाबेसवाल्यांना लगेच कळेल: रो माणसाची नाही, कुटुंबाची. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर, पण नळ घराला. रेशनकार्ड कुटुंबाला. मग प्रश्न असा की कुटुंब कोण? १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. पण सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की रेशनकार्डापुरतं अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावं असं राज्यांना कळवलंय.

जरा थांबून बघा. या देशात दोन पुरुषांचं घर सरकारने 'घर' म्हणून मानलं ते मांडवात नाही, धान्याच्या रांगेत! आधी पाणी मग प्रेम असा क्रम लावणाऱ्यांनी याचं काय ते उत्तर द्यावं. टंचाई जितकी वाढेल तितका 'तुम्ही एका घरातले का?' हा प्रश्न जास्त वेळा विचारला जाईल, आणि त्याचं उत्तर लिटरमध्ये मोजलं जाईल. उद्या माझ्या मूर्तिकाराने टँकरच्या यादीत दुसऱ्याचं नाव कोणत्या नात्याने लिहायचं? भाऊ? भाडेकरू? पाहुणा? तिथे खोटं लिहावं लागणं हीच त्या गोष्टीतली सगळ्यात भीषण जागा आहे. आटलेली विहीर नव्हे.

पाण्याचा सगळ्यात मोठा भार आज बायकांच्या डोक्यावर आणि कातकरी वाड्यांवर आहे हे मला मान्य आहे, आणि त्यावर लिहिणारे हवेत, माझ्यापेक्षा चांगले हवेत. पण एका गोष्टीने दुसरीचं पाणी पळवलं जात नाही. पळवायचं ते धरणातूनच पळवलं गेलंय.

तेव्हा गोष्ट वाईट झाली तर खुशाल शिव्या घाला, रचना फसली म्हणा, संवाद नकली म्हणा. पण 'आधी पाणी' हे कारण सांगू नका. टँकर येतोय, यादी होतेय, आणि त्या दोघांची नावं आत्ताच लिहायची आहेत.