रांगेत झोप लागत नाही

प्रति,
किंग फहद कॉजवे प्राधिकरण, बहरीनच्या वाहतूक, बांधकाम आणि सीमाशुल्क खात्यांचे अधिकारी, आणि मनामाच्या भारतीय दूतावासातील मंडळी,



मी एकोणीस वर्षं बहरीनमध्ये मालवाहतुकीच्या धंद्यात आहे. कुठला कंटेनर सुटला, कुणाचे कागद अडले, कुठल्या ड्रायव्हरचा व्हिसा संपत आलाय, हे बघण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे हे पत्र लांबून बघणाऱ्याचं नाही. "कुठे पोचलास? अजून किती वेळ?" असे फोन करून ड्रायव्हरची झोप मोडणाऱ्यांत मीही आहे. म्हणूनच लिहायला बसलो.

मागच्या ऑगस्टमध्ये रात्री दीडला काही कागद पोचवायला एका औद्योगिक वसाहतीमागच्या मोकळ्या जागेवर गेलो होतो. वीसेक ट्रेले ओळीने उभे होते. दिवा एकही नव्हता. ज्यांना कागद द्यायचे ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडकडचे चाचा, साठीला आलेले. केबिनमध्ये दिसले नाहीत. हाक मारली तर आवाज खालून आला. ट्रेल्याखाली, मागच्या चाकांच्या अलीकडे, पुठ्ठे पसरून त्यावर चटई टाकून ते आडवे झाले होते. पासपोर्ट आणि बतका, म्हणजे ओळखपत्र, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लुंगीच्या गाठीत बांधलेला. उशाशी पाण्याची बाटली, आणि चप्पल एकच.

दुसरी चप्पल शेजारच्या गाडीच्या पायरीवर होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तो पहाटे निघणार. अंधारात गाडी मागे घेतली तर? चढताना चप्पल बघितली की त्याला आठवतं, खाली माणूस आहे."

केबिन दिवसभर तापून तव्यासारखी होते, म्हणून ते खाली येतात. जुलै-ऑगस्टमध्ये इथे रात्रीसुद्धा पारा सहसा तिशीखाली उतरत नाही, आणि समुद्राच्या दमटपणाने अंगाला चिकटलेला घाम वाळत नाही. एसी लावायचा तर इंजिन चालू ठेवायला हवं, आणि मालक डिझेलचा हिशेब मागतो. "खाली जरा वारा तरी लागतो," चाचा म्हणाले, "पण टाकीतलं डिझेल काढून नेतात हो. एक कान उघडा ठेवायला लागतो." त्यांच्या ट्रेल्यावर शीतपेटी होती. तिचं वेगळं इंजिन रात्रभर घुमत होतं. आतल्या दह्याच्या डब्यांना चार अंश लागतात, ते त्यांना मिळत होते. हे मी कुणाला दूषण म्हणून लिहीत नाही. दही नासू नये याची आपण सगळ्यांनी मिळून किती चोख व्यवस्था केली आहे, एवढंच त्या रात्री डोळ्यांसमोर आलं.

बहरीन हे बेट आहे आणि जमिनीवरून इथे यायला रस्ता एकच. २६ नोव्हेंबर १९८६ला सुरू झालेला किंग फहद कॉजवे. सौदीतल्या खोबरहून निघालेला हा २५ किलोमीटरचा पूल समुद्र ओलांडून आपल्याकडे उतरतो. मध्यावर भराव घालून केलेलं बेट आहे, आणि दोन्ही देशांची जवाजात (पासपोर्ट तपासणी) आणि जुमरुक (सीमाशुल्क) तिथेच. आपल्या कोल्ड स्टोअरमधलं दूध, भाजी, कोंबड्या, आपल्या इमारतींचं कितीतरी सामान याच पुलावरून येतं. मार्च २०२०मध्ये करोनामुळे प्रवाशांसाठी पूल बंद झाला, तेव्हाही मालाचे ट्रक चालू होते. आपण घरात होतो आणि हे लोक रस्त्यावर होते. या बेटाची शिदोरी कोण वाहून आणतं हे त्या दिवसांत सगळ्यांनी पाहिलं.

त्याच पुलासाठी लागणाऱ्या ट्रकांच्या रांगा गेल्या पंधरा वर्षांत इथल्या वर्तमानपत्रांनी कितीदा छापल्या आहेत. रांग का लागते हे धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतं. मालाची तपासणी दोन देशांची. एका ट्रकमध्ये दहा जणांचा माल असला आणि एकाचा दाखला चुकला, की दहाही जणांचा माल थांबतो. मुखलिसचा, म्हणजे कागद सोडवणाऱ्या एजंटचा, फोन लागत नाही. ईदच्या आधी सगळ्यांनाच घाई. त्यात शहरातल्या मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी, म्हणजे वेळ टळेपर्यंत पुन्हा कुठेतरी थांबणं. ही बंदी योग्य आहे. शाळेच्या बसेसमधून चाळीस टनांची धुडं जाऊ नयेत. तपासणीही हवीच. माझा प्रश्न एवढाच, की थांबायला लावलेल्या माणसाने थांबायचं कुठे?

लोकांना वाटतं, रांगेत उभा म्हणजे ड्रायव्हरला आरामच. रांग सरकते, हे ते विसरतात. वीस मीटर पुढे, मग अर्धा तास काही नाही, मग पुन्हा वीस मीटर. डोळा लागला की मागचा हॉर्न देतो. पुढे जागा झाली आणि आपण हललो नाही, तर शेजारचा घुसतो आणि भांडण होतं. अशा दहा तासांत माणूस दहा मिनिटंही सलग झोपत नाही. लघवीला उतरायचं तर गाडी कुणाच्या भरवशावर सोडायची? म्हणून कितीतरी जण पाणीच कमी पितात, या उन्हाळ्यात. आणि रांग संपली की त्याच माणसाने रियाधपर्यंत चारशेहून जास्त किलोमीटर सरळसोट वाळवंटी रस्ता कापायचा, जिथे डुलकी यायला वळणसुद्धा आडवं येत नाही.

१९९७ साली डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी मोजून दाखवलं, की सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच मंद होतो. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला इथला कायदा सोडत नाही, आणि सोडूही नये. पण सतरा तास जागलेल्याला आपणच हिरवा दिवा दाखवून पुलावर चढवतो.

बहरीनला कामगाराची फिकीर नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. २००७पासून इथे उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावरचं काम बंद असतं. आधी ही बंदी दोन महिने होती. २०२५मध्ये ती १५ जून ते १५ सप्टेंबर अशी तीन महिन्यांची केली. बांधकामावरची माणसं त्या चार तासांत सावलीला बसलेली दिसली की बरं वाटतं. रांगेत केबिनमध्ये तापत बसलेल्याच्या वाट्याला मात्र ही सावली येत नाही. तो काम करत नसतो, थांबलेला असतो. या थांबण्याला काम म्हणा, एवढी पहिली मागणी आहे. तसं एकदा कागदावर आलं, की पाणी, सावली आणि झोपेचे तास ही जबाबदारी कुणाची, हे ठरवता येईल.

आमच्याकडे सगळं नीट आहे असंही नाही. भारताच्या १९६१च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात लिहिलं होतं, की कामगाराला जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी. महामार्गावर त्या खोल्या फारशा कुणी पाहिल्या नाहीत. ट्रकवाल्याला आसरा दिला तो ढाब्याच्या बाजेने. जेवणाचे पैसे द्या आणि बाजेवर पडा, पोरगा गाडीकडे लक्ष ठेवतो. बहरीनला तो ढाबाही नाही. पंपाचा रखवालदार उठवतो, दुकानदार तक्रार करतो, आणि गाडी उठून शेवटी त्याच अंधाऱ्या मोकळ्या जागेवर जाते.

तरी आमच्याकडचं एक उदाहरण तुमच्यापुढे ठेवतो. न्हावा-शेवा बंदराच्या आसपास उरणचे रस्ते ट्रेल्यांनी असे भरायचे, की गावकऱ्यांना दवाखान्यात जायची चोरी. पुढे बंदराने मोठा केंद्रीय वाहनतळ बांधला. ट्रेला तिथे थांबतो, निर्यातीच्या मालाचे सीमाशुल्काचे कागद तिथेच होतात आणि मग गाडी बंदराकडे निघते. तिथेही तक्रारी आहेत. पण गाडी रस्त्यावरून उठली, आणि रांग चाकांची न राहता कागदांची झाली. आपल्याला इथे नेमकं हेच हवं आहे.

म्हणजे नुसती फरशी घातलेली पार्किंगची जागा मागत नाही. जागा दिली आणि रांग तशीच सरकती ठेवली, तर ड्रायव्हर त्या जागेतही जागाच राहील. पुलाच्या अलीकडे, जसरा-जनबियाच्या बाजूला, आणि हिद्दच्या खलिफा बिन सलमान बंदराजवळ तळ हवा. गाडी तळावर आली की तिला नंबर मिळावा, तो मोबाइलवर दिसावा, आणि पाळी येण्याच्या तासभर आधी फोन वाजावा. तोवर गाडी हलवायची नाही आणि हॉर्न ऐकायचा नाही. कुंपण, दिवे, रात्रभर माणूस, संडास, आंघोळीला पाणी. आणि थंड केलेली एक मोठी खोली, साध्या खाटांची, जिथे पाच-सहा तास पाठ टेकता येईल. शीतपेटीच्या गाड्यांना वीज जोडता आली तर तेवढी इंजिनंही गप्प होतील. या तळाला दोन दिनार आकारलेत तर मालवाहतूकदारांनी ते द्यावेत, ड्रायव्हरच्या पगारातून नकोत. माझ्या धंद्यातले लोक यावर नाराज होतील. होऊ देत. माल एक दिवस अडला की याहून किती जातात, हे आम्हाला तोंडपाठ असतं.

जगात हे शहाणपण बहुतेकदा कुणीतरी मेल्यावर आलं आहे. मार्च २००९मध्ये अमेरिकेत जेसन रिव्हनबर्ग नावाचा ड्रायव्हर वेळेआधी पोचला. माल उतरवायला कुणी आत घेईना, म्हणून बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून झोपला. चोराने त्याला गोळी घातली, सात डॉलरसाठी. त्याच्या बायकोने पाठपुरावा केला आणि २०१२मध्ये ट्रकांच्या सुरक्षित मुक्कामाची तरतूद त्याच्या नावाने कायद्यात आली. युरोपच्या न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं, की आठवड्याची पूर्ण सुट्टी ट्रकच्या केबिनमध्ये काढायला लावता येणार नाही. आपल्याला कुणाच्या नावाच्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. बहरीन छोटा देश आहे. दोन-तीन खाती एका टेबलाभोवती बसली तर एका हिवाळ्यात एक तळ उभा राहील.

दूतावासाला वेगळं सांगणं आहे. आपल्या माणसांच्या करारात राहायच्या सोयीचा उल्लेख असतो, पण लांब पल्ल्याचा ड्रायव्हर महिन्यातल्या किती रात्री त्या खोलीत असतो? वाटेवरच्या मुक्कामाची जबाबदारी कुणाची, ते करारात एका ओळीने लिहून घ्या. आणि दूतावासात तक्रारी ऐकता त्या दिवशी हे लोक येऊ शकत नाहीत. ते रांगेत असतात. तेव्हा तुम्हीच तिकडे या.

वसाहतीमागच्या त्या मोकळ्या जागेवर मी हल्ली बहुतेक गुरुवारी रात्री जातो, बाराच्या पुढे. तुमच्यापैकी कुणी येणार असेल तर मी गाडीने घेऊन जाईन. टॉर्च माझ्याकडे आहे. पायात बूट असू द्या, काचा पडलेल्या असतात. आणि ट्रेल्यांच्या मधून चालताना जरा हळू, खाली माणसं झोपलेली असतात.

आपला,
बहरीनमधला एक मालवाहतूकदार