किल्ल्यातले वाफे आणि मोरीवरचा अळू

ऑगस्ट १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरू नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. तिथे आपण रोज खणून फुलांचे वाफे तयार करतो, असे त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभी नोंदवले आहे. तो काळ बंगालच्या दुष्काळाचा आणि सरकारच्या ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेचाही होता. किल्ल्यातली फुले ग्रंथात गेली. किल्ल्याबाहेर परसदारी वाढणारा घेवडा गेला नाही.

आपले दुष्काळाविषयीचे लेखनही फारसे वेगळे नाही. १९७२ ची खडी, सुकडी, परदेशातून आलेला मिलो, ओस पडलेले गोठे हे सारे त्यात आहे आणि ते असायलाच हवे. परंतु मोरीच्या पाण्यावर वाढवलेला अळू, राखेत जपलेले बी, शेजारणीच्या ओंजळीत घातलेले मूठभर वाल यांत भुकेला दिलेले जे उत्तर आहे, ते समीक्षेला क्वचितच विषय वाटले. उपासमार करुण असते म्हणून ती लिहिली जाते. ती टाळणारे बायकांचे रोजचे श्रम नोंदीवाचून राहतात.

याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता देशी वाणांची बीजबँक उभी केली. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी टाळेबंदीत आठवडे बाजार बंद पडले आणि सर्वांना परसबाग आठवली. पण वालाला शेंगा धरायला दोन-अडीच महिने लागतात, आणि त्याआधी घरात बी असावे लागते. संकट आल्यावर लावलेली बाग त्या संकटाला पुरी पडत नाही.

म्हणून केडगावसारख्या उपनगराचा विचार आज करायला हवा. शेते जाऊन तिथे वसाहती झाल्या. अशा वसाहतींच्या आराखड्यात मोकळी जागा राखलेली असते. तिचा एक तुकडा रहिवाशांनी सामायिक भाजीसाठी का राखू नये? नगरसारख्या पर्जन्यछायेतल्या मुलखात पाण्याचा आक्षेप खराच आहे. पण शेवगा कमी पाण्यावर तग धरतो आणि अळवाला सांडपाणी चालते. पाण्यापेक्षा अवघड प्रश्न आहे तो राखणीचा आणि वाटणीचा. शेंगा कोणी तोडायच्या, यावरून भांडणे होतील. ती सुबत्तेच्या दिवसांतच मिटवलेली बरी. भुकेच्या दिवसांत ती मिटत नाहीत.

साहित्याच्या अध्यापकांनाही यात काम आहे. विद्यार्थ्यांनी आजीला तिच्या परसातल्या वाणांची नावे विचारून ती लिहून आणावीत. बी हरवले की त्याचे नावही कोशातून हळूहळू नाहीसे होते.