रॅक लावणाऱ्याचं काय?

२७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला मुभा दिली. राळेगणसिद्धीतून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. रॅकवर कोणती बाटली ठेवायची यावर महाराष्ट्र भांडला. रॅक लावणाऱ्या पोराबद्दल चकार शब्द नाही. हा मर्चंडायझर शर्ट कंपनीचा घालतो, पगार ठेकेदाराकडून घेतो. दुकानं पालथी घालायची, माल मांडायचा, फोटो पाठवायचे. वरचा एरिया मॅनेजर मात्र ओळखीतून येतो. कलम १६(४) सरकारी नोकरीपुरतं, खासगी कंपनी मोकळी. तिथे म्हणे मेरिट चालतं! पाच वर्षं बाजार तुडवलेल्याचं मेरिट कुठे मोजतात? मित्रांनो, पुढच्या मुलाखतीत विचाराच: फील्डमधले किती जण मॅनेजर झाले, आणि त्यांची आडनावं काय?