नाका, बोगदा आणि मामाची चिठ्ठी

बालमित्रांनो,

परवा पाचवीच्या वर्गात एका मुलीने हात वर केला. "गुरुजी, मी मोबाईलवरून मामाला निरोप पाठवते, तो वाटेत कोणी वाचतं का हो?" प्रश्न एवढासा, पण उत्तर मोठं! म्हणून आजच्या गप्पा त्यावरच.

समजा, तुम्ही गोंदियाहून पुण्याच्या मामाला लांबलचक पत्र लिहिलं आणि त्याच्या वीस चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर मामाचा पत्ता, तुमचा पत्ता आणि क्रमांक. इंटरनेटवरचा निरोप असाच तुकड्यातुकड्यांनी जातो. या तुकड्याला म्हणतात 'पॅकेट'. वाटेत ते अनेक यंत्रांच्या हातून पुढे सरकते.

आपल्याकडे जंगलाच्या रस्त्यावर वनविभागाचा नाका असतो. गाडी कुठून आली, कुठे चालली, लाकडाचा परवाना आहे का, हे बघूनच दांडी वर जाते. संगणकाच्या दारातही असा नाकेदार बसवता येतो. लिनक्समध्ये त्याला हुकूम द्यायचं जुनं साधन 'आयपीटेबल्स' आणि नवं 'एनएफटेबल्स'. इथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचा : 'या पत्त्यावरून आलेलं सोड, त्या दाराने आलेलं टाकून दे.'

गंमत पुढेच आहे बरं का! नाकेदार यादी वरून खाली वाचतो आणि सोडा किंवा अडवा असा जो पहिला नियम लागू पडेल, तोच पाळतो. 'सगळ्यांना अडव' हे सर्वांत वर लिहिलं, तर खाली 'मला सोड' लिहून काय उपयोग? दूरच्या संगणकावर काम करताना असा हुकूम दिला, की आपणच बाहेर! चांगल्या जाणत्यांचीही अशी फजिती होते.

पण आपल्या दारातला नाकेदार वाटेत चिठ्ठी वाचणाऱ्याला कसा अडवणार? पूर्वी दूरच्या संगणकावर 'टेलनेट'ने जात. त्यात पासवर्डही उघडाच जाई. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी असे पासवर्ड टिपले. तिथले संशोधक टाटू इलोनेन यांनी त्याच वर्षी 'एसएसएच' तयार केलं. त्यात सगळा मजकूर सांकेतिक होऊन जातो.

दरेकसाजवळचा रेल्वेचा बोगदा पाहिलाय ना? गाडी आत शिरली, की डब्यात कोण बसलंय ते बाहेरच्याला दिसत नाही. एसएसएचमधून दुसरे निरोपही असेच झाकून नेता येतात. २०२० पासून लिनक्समध्ये 'वायरगार्ड' नावाचा बोगदाही आला आहे.

मग काळजी मिटली? छे! बोगद्याच्या पलीकडे कोण उभं आहे? एसएसएच पहिल्या भेटीला विचारतं, 'या संगणकाची खूण ही अशी आहे, पुढे जाऊ?' पुष्कळ जण न वाचताच 'हो' म्हणतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये चोरांनी पळवले. बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी चोरांची खोटी यंत्रणाच पैसे काढायला होकार देत होती, असं तपासात पुढे आलं. दाराशी बसलेलाच तोतया निघाला, तर कुलूप काय करणार?

वर्गात हा खेळ खेळून बघा. पाटीवर तीन नियम लिहून एकाला नाकेदार करा. बाकीच्यांनी पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या न्यायच्या. मग नियमांचा क्रम बदला. कोण अडकलं, कोण सुटलं, सांगा पाहू! नंतर 'क'ऐवजी 'ख', 'ख'ऐवजी 'ग' अशी चिठ्ठी लिहा. नाकेदाराला पत्ता कळेल, मजकूर नाही.

त्या मुलीला मी सांगितलं, "बाळ, आजचे बहुतेक निरोप झाकूनच जातात. पण 'मी मामा, तुझ्या बाबांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी सांग' असा फोन आला, तर?"

ती म्हणाली, "आधी आईला विचारीन. मामा तर आईला रोजच फोन करतो!"

शाबास! पालकहो, ही सवय आपणही लावून घेऊ या.

तुमचे,
गुरुजी