गोळ्या गटारीत टाकू काय?



मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली. आम्ही चपला पायांत घालत होतो, तोच आमच्या कोडोलीच्याच एका आक्कांनी थांबवले आणि पदराखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यांचे मालक जाऊन चार महिने झाले. साखरेच्या, रक्तदाबाच्या, शेवटच्या दुखण्यातल्या गोळ्या पिशवीत तशाच होत्या. आक्का म्हणाल्या, "भाऊ, उसनवारी करून आणलेल्या गोळ्या हायत. बघितल्या की जीव तुटतोय. गटारीत टाकू काय?"

आम्ही कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. "टाका की" असे म्हणणारच होतो, कारण आमच्या घरीही आजवर तेच होत आले. पण शब्द ओठांवरच थांबला. तो का थांबला, हे आज सांगायचे आहे.

गटार जाते ओढ्याला, ओढा जातो वारणेला आणि वारणा पुढे हरिपूरजवळ कृष्णेला मिळते. वाटेत काठावरच्या कितीतरी गावांच्या नळाला नदीचेच पाणी येते. म्हणजे वरच्या गावाची गटार तीच खालच्या गावाची घागर! २०१२ साली आपल्याच जिल्ह्यात इचलकरंजीला दूषित पाण्याने काविळीची साथ आली आणि माणसे दगावली, हे आपण विसरलो नसू. तो जंतूंचा प्रताप होता. जंतू पाणी उकळल्यावर मरतात, टी.सी.एल. पावडरने मरतात. औषधाचे तसे नाही. ते तुरटीने पुरते खाली बसत नाही, फडक्याने गाळले जात नाही आणि उकळल्यानेही त्याचा भरवसा देता येत नाही.

फेकलेल्या गोळ्याच तेवढ्या पाण्यात जातात असेही नाही. आपण गिळलेल्या औषधाचा काही भाग लघवीवाटे बाहेर पडतो. साखरेवरची मेटफॉर्मिन ही गोळी आता घरोघरी आहे. ती तर शरीरात न मोडता जशीच्या तशी बाहेर येते. २०२२ साली १०४ देशांतील २५८ नद्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांत जास्त ठिकाणी सापडली ती फेफऱ्यावरची कार्बामॅझेपिन, साखरेवरची मेटफॉर्मिन आणि चहा-कॉफीतले कॅफीन. जगाच्या नद्यांना आपल्या आजारांचा पत्ता लागला आहे तो असा.

मग नळाचे पाणी पिऊ नये काय? तसे मुळीच नाही. घाबरवणे हा या सदराचा धंदा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या अहवालात सांगितले आहे की, पिण्याच्या पाण्यात सापडलेले औषधांचे अंश बहुधा उपचाराच्या कमीत कमी मात्रेच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी होते आणि त्यांनी माणसाला अपाय होण्याचा संभव फार थोडा आहे. तेव्हा कोणी महागडे यंत्र विकायला दारात आला, तर लगेच कर्ज काढू नये. पाणी उकळून पिणेही सोडू नये. आपल्याकडे जुलाब, कावीळ आणि विषमज्वर हेच पाण्याचे पहिले वैरी आहेत. पण त्याच अहवालाने असेही बजावले आहे की, औषध पाण्यात जाऊच न देणे हा खरा उपाय.

कारण धोका दुसऱ्या वाटेने येतो. हैदराबादजवळ पाटणचेरू नावाची औद्योगिक वसाहत आहे. तेथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका केंद्रावर शुद्धीकरणासाठी येत असे. २००७ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी केंद्रातून बाहेर पडणारे 'शुद्ध' पाणी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघाले. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातसुद्धा ते इतके नसते! पुढे २००९ च्या अभ्यासात आसपासच्या खेड्यांतील विहिरींतही औषधे सापडली.

अशा पाण्यात कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि आपला चिवटपणा ते इतर जंतूंनाही वाटतात. मग एखाद्या लेकराला विषमज्वर होतो, डॉक्टर नेहमीची गोळी देतात आणि ती लागूच पडत नाही. पुढे महाग इंजेक्शन येते. ते कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला ते डागिना मोडूनच आणावे लागते.

औषध एका पोटातून दुसऱ्या पोटात जाऊन काय करते, याचा दाखला आपल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. ढोरे ओढण्याच्या त्या दिवसांत माळावर गिधाडांचे थवे उतरत. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला मृत मांस सोडण्याचा आदेश दिला, आपण ते काम सोडले, हे योग्यच झाले. पण पुढे गिधाडेही गेली. ती कशाने गेली, याचा उलगडा २००४ साली झाला. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली; तोवर आभाळ रिकामे झाले होते.

आणि कायदा काय म्हणतो? पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात शिसे, आर्सेनिक, कीटकनाशके यांच्या मर्यादा आहेत; औषधांची एकही नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविके किती असावीत याचा मसुदा काढला. २०२१ च्या अंतिम नियमांत त्या मर्यादा गाळून टाकल्या. ज्याची मर्यादाच नाही, ते मोजणार कोण?

बंधूंनो, पाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्या कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीसाठी कोर्टात दहा वर्षे झगडावे लागले, तेव्हा १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. आज त्याच महाडला सावित्रीच्या काठी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने उभे आहेत. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण मिळवला. त्या पाण्यात काय आहे हे विचारण्याचा हक्क आता बजावला पाहिजे.

हक्काबरोबर कर्तव्यही येते. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्र असते, हे आपण श्रामणेर शिबिरात पाहतो. विनयाच्या सेखिय नियमांत तर निरोगी भिक्खूने पाण्यात थुंकूही नये असे सांगितले आहे. तथागतांचा संघ पाण्याला इतका जपत होता, मग आपण त्यात गोळ्या कशा टाकायच्या? शिवाय ती गटार उपसायला उतरणारा बहुधा आपलाच भाऊ असतो. फेकलेली सुई आणि फुटलेली बाटली आधी त्याच्या हाताला लागते.

तेव्हा घरच्या माताभगिनींनी एवढे करावे :

जुनी औषधे गटारीत, संडासात, विहिरीत टाकू नयेत आणि जाळूही नयेत. औषध दुकानदार किंवा सरकारी दवाखाना परत घेतो का, ते आधी विचारावे. घेत नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवाव्यात, पिशवीत घट्ट बांधून लेकरांचा हात पोचणार नाही असे ठेवावे आणि घंटागाडीवाल्याला सांगून वेगळे द्यावे.

पाकिटावर लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. आपल्या उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नयेत.

म्हशीला दगडी झाली म्हणून इंजेक्शन दिले, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचे दूध डेअरीला घालू नये आणि घरीही पिऊ नये.

एवढ्याने भागणार नाही, हे आम्हालाही कळते. घरातल्या चार गोळ्या एकीकडे आणि पाटणचेरूचा नाला दुसरीकडे, हा हिशेब जुळत नाही. पण आपले खाते आधी चोख असावे. मग दुसऱ्याचे खाते जोरात तपासता येते. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी जुनी औषधे घरगुती घातक कचऱ्यात घातली. केरळने २०२५ साली घरोघरची जुनी औषधे गोळा करण्याची योजना सुरू केली. मग आपल्या दवाखान्याच्या दारात एक बंद पेटी ठेवायला काय हरकत आहे? येत्या ग्रामसभेत ही मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. नळाच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल फलकावर लावा, असेही त्याच अर्जात लिहावे. महिला मंडळांनी पुढे बसावे, कारण घागर त्यांच्याच कमरेवर असते.

आक्कांची पिशवी आम्ही मागून घेतली. ती आमच्या कपाटात, वरच्या खणात आहे. ग्रामसभेला आक्का येणार आहेत, आम्हीही जाऊ आणि पिशवी बरोबर नेऊ. "ही कुठे टाकायची?" हा आक्कांचा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारावा, असे ठरले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!