कायद्याच्या यादीत आवाज नाही

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठी २०१९ मध्ये संमत झालेल्या कायद्याच्या कलम १५ ने शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार आणि लेसर उपचार यांचा स्पष्ट उल्लेख केला. आवाजाच्या उपचाराचा मात्र केला नाही. ही उणीव किरकोळ नव्हे. टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरतंतू जाड होऊन आवाज खाली उतरतो. पण वयात येताना जाड झालेले स्वरतंतू इस्ट्रोजेनने पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे ट्रान्सजेंडर स्त्रियांची मुख्य भिस्त वाचा उपचारतज्ज्ञांकडील सरावावरच राहते.

हा सराव सर्वांसाठी सारखा असू शकत नाही. स्वराची उंची, घुमारा, बोलण्यातील चढउतार यांपैकी काय आणि किती बदलायचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. कोणाला स्त्रीचा, कोणाला पुरुषाचा, तर कोणाला दोहोंच्या मधला आवाज हवा असतो. मराठीत तर ‘मी बोलते’ म्हणताच लिंग प्रकट होते. क्रियापद आणि आवाज यांचा मेळ बसला नाही, तर दूरध्वनीवरील साधी चौकशीही संशयाच्या भोवऱ्यात सापडू शकते.

याच कलमाने आरोग्य पुस्तिका ‘डब्ल्यूपाथ’ या जागतिक व्यावसायिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काढण्यास सांगितले. त्या तत्त्वांच्या २०२२ मधील आठव्या आवृत्तीत आवाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. कायद्याने वाट दाखवली आहे. सरकारी रुग्णालयांनी आणि विमा योजनांनी ती धरायला हवी.