आधी इंजेक्शन, मग गाडी

पालघर जिल्ह्यात एखादी गर्भवती वाटेत दगावली की दोन दिवस रुग्णवाहिकेची चर्चा होते. गाडी किती वाजता आली, ऑक्सिजन होता का, डॉक्टर सोबत होता का? नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका महिलेचा सिल्वासाच्या वाटेवर मृत्यू झाला तेव्हाही हेच विचारलं गेलं, आणि ते रास्तच होतं. पण त्याआधीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: अशा बाईला गाडीत चढवण्यापूर्वी काय दिलं जातं? गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं संशोधन पाहिलं तर माझ्या मते कळीचा प्रश्न हाच आहे.

बाळंतपणानंतरचा रक्तस्रावच घ्या. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे जुनं, स्वस्त औषध. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वुमन’ चाचणीत ते २१ देशांतल्या वीस हजारांहून जास्त महिलांवर तपासलं गेलं. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तेव्हा रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. तीन तास उलटल्यावर फायदा दिसला नाही. पुढच्या विश्लेषणात आढळलं, की दर १५ मिनिटांच्या उशिराने औषधाचा गुण साधारण १० टक्क्यांनी उतरतो. आता मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत डोली, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जव्हार आणि पुढे नाशिक, असा प्रवास मनात आणा. औषध शेवटच्या मुक्कामी मिळणार असेल तर त्याची वेळ वाटेतच टळलेली असते.

अर्थात, रक्त जास्त जातंय हे आधी कळायला हवं. भिजलेल्या कपड्यांवरून बांधलेला अंदाज बहुधा कमीच निघतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर १,६२० बाळंतपणांचा अभ्यास केला. बाळंतपणं एएनएम सिस्टरांनी केली, घरी किंवा उपकेंद्रात. बाळ बाहेर आलं की बाईच्या कमरेखाली पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा सरकवायचा. त्याच्या टोकाला निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. रक्त तिच्यात उतरतं आणि सिस्टरला डोळ्यांसमोर आकडा दिसतो. असं मोजल्यावर, रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्या महिलांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्रावाचं प्रमाण ६.४ टक्के निघालं, न दिलेल्यांत १२ टक्के. २०२३ साली चार आफ्रिकी देशांतल्या ८० रुग्णालयांच्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीतही खुणांचीच पिशवी होती. रक्त ठरलेल्या खुणेपलीकडे गेलं की मालिश, औषधं, सलाईन, तपासणी सगळं एकदम सुरू करायचं. एवढ्याने गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आलं. यात मोठं यंत्र कुठेच नाही.

गरोदरपणातल्या रक्तदाबाचंही तसंच. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर महिला होत्या. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. आपल्या सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, एएनएमही देऊ शकते. बोईसर-तारापूरला याची गरज वेगळ्या कारणाने आहे. तिथे डोंगर आडवा येत नाही, पण कामगारांच्या चाळीत राहणाऱ्या परप्रांतीय बाईचे आधीचे तपासणीचे कागद बऱ्याचदा गावी राहिलेले असतात. बीपी कधीपासून वाढलंय हे सांगायला कुणी नाही, आणि ती येते तेव्हा डोकं ठणकत असतं, डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते. तिची फाईल मिळण्याची वाट औषधाने पाहायची नसते.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील, मॅग्नेशियम सल्फेट जास्त झालं तर श्वास मंदावतो. खरंच आहे. म्हणूनच श्वास मोजायचे, गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का पाहायचं, लघवी किती झाली ते लिहायचं आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. हे शिकवता येतं. न शिकवता फक्त ‘रेफर’ लिहिणं बाईसाठी जास्त घातक आहे. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: इंजेक्शनवर भर दिला की रस्ते, रक्तसाठा, भूलतज्ज्ञ यांची जबाबदारी शासन झटकेल. तसं होता कामा नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या; अशा बाईला थोडं रक्त गेलेलंही झेपत नाही. आणि रक्तक्षयी बाईला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आधीच टोचून रक्तस्राव टळत नाही, हे २०२३ च्या ‘वुमन-२’ चाचणीने दाखवलं आहे. रक्ताला पर्याय नाही. पहिला डोस बाईला रक्तापर्यंत जिवंत पोहोचवण्यासाठी आहे.

डहाणूला उपजिल्हा रुग्णालयात आयसीएमआरच्या मुंबईतल्या प्रजनन आरोग्य संस्थेचं ग्रामीण संशोधन केंद्र आहे. कासा, जव्हार, मोखाडा आणि बोईसरच्या प्रसूतिगृहांत खुणांची पिशवी किती वेळा वापरली गेली, निदानानंतर किती मिनिटांत पहिलं इंजेक्शन पडलं, हे त्या केंद्राने वर्षभर नोंदवावं. सुरुवात रेफरच्या चिठ्ठीपासून करता येईल: औषधाचं नाव, डोस आणि दिल्याची वेळ, असे तीन रकाने तिच्यावर छापावेत, आणि ते भरल्याशिवाय चिठ्ठीवर सही होऊ नये.